युरो २०२८ साठी लंडनला जाताय? या चुका टाळा

युरो २०२८ ही युरोपीय देशांची फुटबॉल स्पर्धा ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ९ जून ते ९ जुलै या काळात होतेय. दोन्ही उपांत्य सामने आणि अंतिम सामना लंडनच्या वेम्बली मैदानावर. त्यामुळे डोळे झाकून वेम्बलीजवळचं हॉटेल बुक करण्याचा मोह होतो, आणि पहिली चूक तिथेच होते. लंडनमध्ये दोन मैदानांवर सामने आहेत: वायव्येला वेम्बली, ईशान्येला टॉटनहॅम. एकीकडून दुसरीकडे जायला तास सहज मोडतो. दोन्हीकडची तिकिटं असतील तर किंग्ज क्रॉस स्टेशनच्या आसपास राहा. तिथून ट्यूबची, म्हणजे लंडनच्या मेट्रोची, मेट्रोपॉलिटन लाइन थेट वेम्बली पार्क स्टेशनला जाते आणि व्हिक्टोरिया लाइन सेव्हन सिस्टर्सला. सेव्हन सिस्टर्सपासून टॉटनहॅमचं मैदान मात्र पायी अर्ध्या तासावर आहे. चालायचं नसेल तर लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून ओव्हरग्राउंड या लोकल गाडीने व्हाइट हार्ट लेनला उतरा, मैदान समोरच.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते ट्यूबच्या गेटवर. आत जाताना टॅप, बाहेर पडताना टॅप, म्हणजे बँकेचं कार्ड किंवा ते जोडलेला फोन यंत्राला टेकवायचा, एवढंच करायचं असतं. पण आत जाताना फोन लावला आणि बाहेर पडताना खिशातून प्लॅस्टिकचं कार्ड काढलं की फसलात. खातं एकच असलं तरी यंत्राला ती दोन वेगळी कार्डं दिसतात. दोन अर्धवट प्रवास धरले जातात आणि दोन्हींवर कमाल भाडं लागतं. दिवसाच्या भाड्याला जी वरची मर्यादा असते, तीही प्रत्येक कार्डाची वेगळी मोजली जाते. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. पण फोन आणि कार्ड वेगळे धरण्याच्या नियमाचा फायदा असा, की एकाने कार्ड आणि दुसऱ्याने तेच कार्ड जोडलेला फोन दिवसभर वापरला तर चालतं. चूक झालीच तर टीएफएलच्या (लंडनची वाहतूक चालवणाऱ्या संस्थेच्या) साइटवर कार्ड नोंदवून प्रवासांची यादी बघा आणि परतावा मागा.

कार्ड मुळात चालतच नसेल तर? २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आणि टॅप दोन्ही बंद असतात. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही चालू करा. रुपे कार्ड गेटवर चालत नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागेल. बसमध्ये रोख घेत नाहीत. तिथे फक्त चढताना टॅप करायचं, आणि तासाभरात त्याच कार्डावर दुसरी बस पकडली तर वेगळं भाडं पडत नाही.

युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीचा एकत्रित शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसासाठी प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी अर्ज करता येतो, म्हणजे जूनसाठी मार्च उजाडावा लागतो. डब्लिनचा सामनाही बघायचा असेल तर आयर्लंड वेगळा देश आहे हे विसरू नका. त्याच्या प्रवेशाचं अर्ज भरतानाच बघून ठेवा, विमानतळावर नाही.

फिरताना ट्यूबचा नकाशा चकवतो. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर जेमतेम २६० मीटर आहे, तरी लोक जिने उतरून गाडी पकडतात. वेस्टमिन्स्टर ते टॉवर ब्रिज हा टप्पा टेम्सच्या दक्षिण काठाने सुमारे चार किलोमीटरचा, तोही पायीच करावा. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. नॅशनल गॅलरी आणि ब्रिटिश म्युझियमला तिकीट नाही. बकिंगहॅम पॅलेससमोरचा पहाऱ्याचा बदल रोज होत नाही, तारीख बघूनच जा.

सामन्याच्या दिवशी ए-फोर कागदापेक्षा मोठी पिशवी हॉटेलवरच ठेवा. सामना संपला की सगळे वेम्बली पार्ककडे धावतात आणि तिथे गर्दी अडवून टप्प्याटप्प्याने सोडतात. त्या रांगेत तिष्ठण्यापेक्षा वेम्बली स्टेडियम स्टेशनवरून मेरिलबोनची गाडी धरा, किंवा वेम्बली सेंट्रलपर्यंत चालत जा. लगतच्या ईलिंग रोडवर गुजराती दुकानांची रांग आहे. शाकाहाऱ्यांची तिथे चंगळ. दाबेली, पाणीपुरी खाऊन होईपर्यंत स्टेशनं मोकळी झालेली असतात.