तण काढायचा विडर, ग्रास कटर, पेट्रोलवर चालणारा पाण्याचा पंप: छोट्या इंजिनात कोणतं ऑईल घालायचं?

ऑईलचा डबा विकत घेण्याआधी मशीनपाशी बसा आणि इंजिनाच्या खालच्या अंगाला ऑईल भरायचं वेगळं बूच आहे का ते बघा. बूच असेल तर इंजिन फोर-स्ट्रोक. नुसती पेट्रोलची टाकी असेल तर टू-स्ट्रोक, म्हणजे ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं. गवत कापायच्या ब्रश कटरमध्ये दोन्ही प्रकार मिळतात, लांबून सारखेच दिसतात, आणि घोटाळा तिथेच होतो. टू-स्ट्रोकमध्ये नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टनला वंगण मिळतच नाही. काही मिनिटांत सिलिंडरला ओरखडे पडून इंजिन जाम होतं. फोर-स्ट्रोकमध्ये चुकून मिश्रण पडलं तर धूर होईल, प्लग काळा पडेल, पण इंजिन वाचेल. टाकी रिकामी करून साधं पेट्रोल भरायचं.

आता फोर-स्ट्रोक विडर आणि पंपाचं बोलू, कारण चिक्कोडी, रायबाग, अथणीच्या उसात भरणीला आणि भांगलणीला हीच इंजिनं राबतात. 'मोटरसायकलला चालतं ते याला चालेल' हा हिशोब इथे बसत नाही. मोटरसायकलला पळताना वारा लागतो. विडर माणसाच्या चालीने चालतो, तोही उसाच्या दोन सऱ्यांमध्ये, जिथे वाऱ्याची झुळूकही येत नाही. यातल्या बऱ्याच इंजिनांना ऑईल फिल्टर नसतो, ऑईल पंपही नसतो. तळाशी एक छोटा चमचा फिरतो आणि तो ऑईल उडवून सगळीकडे पोचवतो. होंडाच्या जीएक्स १६० या इंजिनात जेमतेम ०.६ लिटर ऑईल मावतं, तर ब्रश कटरच्या जीएक्स ३५ मध्ये फक्त १०० मिली. एवढ्याशा ऑईलने वंगण द्यायचं, उष्णता ओढायची आणि कचराही पोटात धरायचा. म्हणून डब्यावरच्या नावापेक्षा ग्रेड, पातळी आणि बदलायची वेळ या तीन गोष्टींना जास्त किंमत आहे.

१०डब्ल्यू-३० अशा ग्रेडमधला '१०डब्ल्यू' हा आकडा थंडीत ऑईल किती पातळ राहतं ते सांगतो. '३०' हा इंजिन तापल्यावर किती दाट राहतं ते. बेळगावात डिसेंबरच्या पहाटेही पारा सहसा १० अंशांच्या फार खाली जात नाही, त्यामुळे थंडीच्या आकड्याची आपल्याला फारशी फिकीर नाही. फिकीर आहे ती मार्च ते मेची. बहुतेक फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनांच्या पुस्तिकेत एसएई १०डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं. तेच घाला, आणि डब्यावर 'एपीआय एसजे' (ऑईलच्या दर्जाची खूण) किंवा त्याच्या पुढची अक्षरं (एसएल, एसएम, एसएन) बघून घ्या. 'एस' म्हणजे पेट्रोल इंजिनासाठी, 'सी' म्हणजे डिझेलसाठी. २७ अंशांच्या वर १०डब्ल्यू-३० जास्त खपू शकतं, असं काही कंपन्या स्वतःच लिहितात. तुमच्या पुस्तिकेतल्या तापमानाच्या तक्त्यात साधं एसएई ३० दिलेलं असेल तर अथणीकडच्या उन्हाळ्यात ते घालायला हरकत नाही. तापल्यावर दोन्हींचा दाटपणा सारख्याच ग्रेडचा असतो, फक्त एसएई ३० सकाळी थोडं दाट वाटतं.

२०डब्ल्यू-५० मात्र पुस्तिकेत नसेल तर घालू नका. दाट ऑईल म्हणजे जास्त जपणूक, असं वाटतं खरं, पण चमच्याने उडवलेलं जाड ऑईल वरपर्यंत पोचायला वेळ घेतं आणि इंजिन सुरू करायची दोरीही जड जाते. मोटरसायकलच्या डब्यावरचं 'जासो एमए' हे ओल्या क्लचसाठी असतं. विडरला त्याची गरज नाही, असलं तरी नुकसान नाही. डिझेल पॉवर टिलरला पेट्रोलचं ऑईल नको. तिथे साधारण १५डब्ल्यू-४०, सीएफ-४ किंवा वरचं लागतं.

पातळी बघताना विडर सपाट जागी उभा करा. हँडल जमिनीला टेकलं की इंजिन मागे कलतं आणि ऑईल मोजायची पट्टी खोटं सांगते. हँडलखाली दगड किंवा वीट लावून इंजिन समपातळीत आणा. पट्टी पुसून भोकात ठेवा. होंडा जीएक्समध्ये पट्टी न फिरवता नुसती टेकवून वाचायची असते. दुसऱ्या इंजिनात फिरवून घट्ट करूनही वाचतात, पुस्तिका बघा. ऑईल भोकाच्या काठाशी आलं की थांबा. जास्त भरलं तर ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून ते एअर फिल्टरमध्ये जातं, पांढरा धूर निघतो आणि मशीन ताकद सोडतं. कमी राहिलं तर ज्या मशीनला ऑईल सेन्सर आहे तिथे इंजिन आपोआप बंद पडतं, आणि प्लग, कार्बोरेटर उघडून पाहण्यात माणूस दुपार घालवतो. म्हणून अचानक बंद पडलं की पहिल्यांदा पट्टी बघायची.

नव्या इंजिनाचं पहिलं ऑईल जीएक्स १६० ला २० तासांनी बदलायचं, पुढे दर १०० तासांनी किंवा ६ महिन्यांनी, जे आधी येईल ते. जीएक्स ३५ ला पहिलं १० तासांनी, मग दर ५० तासांनी किंवा ६ महिन्यांनी. दिवसाला ५ तास विडर चालला तर २० तास म्हणजे फक्त चार दिवस. नव्या इंजिनात घासून निघालेला लोखंडाचा बारीक चुरा त्या पहिल्या ऑईलमध्ये असतो आणि तो गाळायला फिल्टर नाही. हा पहिला बदल टाळू नका. धुळीत किंवा भर उन्हात सलग काम असेल तर ५० तासांनीच बदलावं, असं माझं मत. अर्ध्या लिटरचा खर्च इंजिन उघडण्यापुढे काहीच नाही.

बदलताना इंजिन ५ मिनिटं चालवून गरम करा, मग बंद. गरम ऑईल पातळ असतं, कचरा घेऊन बाहेर येतं. पेट्रोलचा कॉक बंद करा, प्लगची टोपी काढा, खाली डबा ठेवा आणि तळाचं बूच काढा. बुचाचा वॉशर चपटा झाला असेल तर नवा घाला, नाहीतर थेंब थेंब गळत राहील. जुनं ऑईल विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका, बंद डब्यात भरून घ्या आणि जुनं ऑईल गोळा करणाऱ्याला द्या.

काढलेलं ऑईल बोटावर घेऊन बघा, ते बरंच सांगतं. काळं आणि पातळ, पेट्रोलचा वास, आणि पट्टीवर पातळी चढलेली: कार्बोरेटरचा फ्लोट गळतो आणि पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं. असं इंजिन सुरूच करू नका. आधी गळती दुरुस्त, मग ऑईल बदल. मशीन ठेवताना कॉक बंद ठेवलात तर हा त्रास बराच टळतो. ऑईल दुधासारखं पांढरट झालं असेल तर त्यात पाणी आहे. खानापूर, कणकुंबीच्या पावसात हे वरचेवर होतं: थोडा वेळ चालवून बंद, पुन्हा थोडा वेळ, असं केल्यावर आतली वाफ बाहेर पडत नाही. ऑईल बदला, आणि पुढे मशीन सुरू केलं की अर्धा तास तरी सलग चालवा.

विडरच्या खालच्या गिअरबॉक्सचं ऑईल वेगळं असतं. बहुतेकांना ८०डब्ल्यू-९० गिअर ऑईल लागतं. इंजिनाचं जुनं ऑईल तिथे घालू नका. उसाचं पाचट, गवत, सुतळी शाफ्टला गुंडाळून सील कापते, चिखल आत शिरतो आणि ऑईलचा गाळ होतो. रोज काम संपल्यावर पाती काढून शाफ्ट मोकळा करा. सीलपाशी ओलसर चकाकी दिसली की वाट न बघता सील बदला.

टू-स्ट्रोकसाठी पुस्तिकेत ५०:१ प्रमाण लिहिलं असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिली टू-टी (म्हणजे टू-स्ट्रोकचं) ऑईल, ५ लिटरला १००. २५:१ लिहिलं असेल तर १ लिटरला ४० मिली. अंदाजाने झाकणभर नको. औषधाची मापाची बाटली वापरा. जासो एफडी लिहिलेलं ऑईल घ्या, धूर आणि कार्बन कमी होतो. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं, म्हणून आठवडाभराच्या कामापुरतंच मिश्रण करा. महिनाभर मशीन बंद ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा. भरताना कॅन दोन-तीनदा हलवून घ्या, आणि कॅनवर खडूने मिश्रणाची तारीख लिहून ठेवा.