हिरवे स्फटिक काळोखातच वाढवा

तृतीय वर्षाच्या मुलांना पोटॅशियम ट्रायऑक्झलेटोफेरेट, म्हणजे लोहाचं एक हिरवं, प्रकाशाने बिघडणारं संयुग, करायला देते, तेव्हा मी आधी खिडक्यांचे पडदे ओढून घेते. पहिल्या वर्षी हे सुचलं नव्हतं. स्फटिकांची बशी उन्हात राहिली आणि जेवून येईपर्यंत वरचा थर पिवळट, भुकटीसारखा झाला होता.

5 ग्रॅम मोहर्स सॉल्ट (लोह असलेला एक क्षार) 20 मिली कोमट पाण्यात विरघळवा. पाण्यात सौम्य सल्फ्युरिक ॲसिडचे दोन-तीन थेंब हवेतच, नाहीतर लोह आधीच गंजू लागतं. 25 मिली पाण्यात 2.5 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून त्यात ओता आणि ढवळत उकळी आणा. थांबून ढवळलंत, तर तळाशी बसलेला साका धक्के देत बाहेर उसळतो. लिंबासारखा पिवळा साका खाली बसला, की वरचं पाणी ओतून द्या आणि साका गरम पाण्याने दोनदा धुवा.

आता 10 मिली गरम पाण्यातलं 3.5 ग्रॅम पोटॅशियम ऑक्झलेट घाला. इथून पुढे घाई अजिबात नको. थर्मामीटर बीकरमध्येच ठेवा, 40 अंश सांभाळा आणि 3 टक्क्यांचं 20 मिली हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबथेंब सोडा. तापमान चढलं तर पेरॉक्साइड लोहाला भिडण्याआधीच फुकट जातं. गढूळ तपकिरी रंग दिसला तर घाबरू नका, तो फेरिक हायड्रॉक्साइड आहे. मग उकळून उरलेलं पेरॉक्साइड घालवा आणि 8 मिली पाण्यातलं 1 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड हळूहळू घाला. तपकिरी गढूळपणा विरत जातो आणि द्रावण स्वच्छ पोपटी होतं. तीन ऑक्झलेटांनी दोन-दोन ऑक्सिजनांनी लोहाला धरलेलं असतं. हा क्षण मुलांनी बीकरकडे बघत असतानाच घडावा, म्हणून मी तेव्हा कुणालाही वहीत लिहू देत नाही.

गरम असतानाच गाळा. बर्नर बंद करून 10 मिली अल्कोहोल घाला आणि बीकर कपाटात रात्रभर ठेवा. मोहर्स सॉल्टच्या हिशोबाने जास्तीत जास्त 6.26 ग्रॅम स्फटिक मिळू शकतात. ऑक्झलेट विषारी आहे, तोंडाने पिपेट ओढू नका.

थोडं हिरवं द्रावण अंधारात चित्रकलेच्या कागदावर फासून वाळवा. वर कडुनिंबाची डहाळी ठेवून दहा मिनिटं ऊन द्या. प्रकाशाने ऑक्झलेटचा इलेक्ट्रॉन लोहाकडे जातो, फेरिक लोहाचं फेरस लोह होतं आणि ऑक्झलेट फुटून कार्बन डायऑक्साइड निघतो. कागद पोटॅशियम फेरीसायनाइडच्या द्रावणात बुडवला, की ऊन लागलेला भाग गर्द निळा होतो आणि डहाळी पानापानासकट फिकी उमटते.