अ‍ॅडजस्टेबल फेअरवे वूड: पाना हातात घेण्याआधी या चुका टाळा

अ‍ॅडजस्टेबल फेअरवे वूड (गोल्फमध्ये ड्रायव्हर या सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबखालोखालचा, स्क्रूने सेटिंग बदलता येणारा क्लब) नुकताच घेतलेला माणूस सरावाच्या रेंजवर लांबूनच ओळखू येतो. चार बॉल मारायचे, तोंड वाकडं करायचं, पाना काढून होझल (शाफ्ट म्हणजे दांडा हेडला जोडणारा भाग) फिरवायचा, पुन्हा चार बॉल. तासाभरात क्लब सगळी सेटिंग्ज फिरून येतो आणि त्यातलं कुठलं बरं होतं, हे शेवटी मालकालाही सांगता येत नाही. पान्याने लॉफ्ट (बॉलवर आदळणाऱ्या फेसचा मागे झुकलेला कोन) एक-दोन अंश हलतो. बॉलच्या दोन इंच मागे जमिनीत घुसणारा स्विंग त्याने जागचा हलत नाही.

(दिशा उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या आहेत. डावखुऱ्यांनी उलट वाचावं.)

लॉफ्ट कमी म्हणजे बॉल लांब

माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक ही. थ्री-वूडचा लॉफ्ट साधारण 15 अंश असतो (वूडचा आकडा मोठा तसा लॉफ्ट जास्त). स्लीव्हवर (होझलमधल्या फिरवायच्या नळीवर) दोन अंश कमी करायची सोय दिसली की नवशिके पहिल्याच दिवशी 13 वर जाऊन बसतात. टीवरून (बॉल खुंटीवर ठेवून) आणि दणदणीत स्पीड असेल तर त्याचा कधीमधी फायदाही होतो. फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, बॉल गवतात बसलेला असतो. तिथून तो हवेत चढवायला लॉफ्ट आणि स्पीड दोन्ही लागतात. स्पीड बेताचा आणि त्यात लॉफ्टही कापला, की बॉल खालून निघतो आणि हवेत टिकण्याआधीच खाली येतो. मग थोडं घरंगळलेलं अंतर मोजून लोक खूश होतात. मध्ये पाणी किंवा बंकर आला की कॅरी (हवेतलं अंतर) किती कमी पडतेय ते कळतं.

यापेक्षा मोठा घोळ फेसचा असतो. स्लीव्ह फिरवली की शाफ्ट हेडमध्ये किंचित वेगळ्या कोनात बसतो. लॉफ्ट वाढवून क्लब सोलवर (हेडच्या तळावर) आपोआप टेकू दिला, तर फेस थोडा बंद होऊन डावीकडे बघतो. कमी केला तर तो उघडून उजवीकडे बघतो. काही स्लीव्हमध्ये लायही (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) सोबत बदलते, काहींत लॉफ्ट आणि लाय वेगवेगळे लावता येतात. त्यामुळे क्लब जसा टेकतो तसाच पकडणाऱ्याच्या हातात लॉफ्ट फारसा बदलत नाही, बदलतो तो फेस. फेस हाताने सरळ करून मग ग्रिप घेणाऱ्यालाच कमी-जास्त लॉफ्ट खरोखर मिळतो. हे माहीत नसताना स्क्रू फिरवणं म्हणजे अंदाजपंचे.

आमच्या चौकडीतल्या एकाने हे सगळं करून दाखवलं. ड्रायव्हरचा जुना स्लाइस (बॉल उजवीकडे वळत जाणं), म्हणून टीवरून मारायला थ्री-वूड घेतला आणि तो लगेच सगळ्यात कमी लॉफ्टवर लावला. फेस उघडा पडला, बॉल आणखी उजवीकडे जायला लागला. मग हा डावीकडे उभा राहू लागला, त्याने स्विंग बाहेरून आत कापत येऊ लागला आणि स्लाइस अजून फुगला. सरकवता येणारं वजन 'टो'कडे (हेडच्या शाफ्टपासून लांबच्या टोकाला) आहे, तेही त्याला फेडकडेच, म्हणजे उजवीकडे वळणाऱ्या शॉटकडेच ढकलतंय, हे कुणीतरी सांगितलं. त्याने मान डोलावली आणि काहीच बदललं नाही.

मग महिन्याच्या स्पर्धेत पहिल्या नऊ होल्सवर उजवीकडचं जंगल पालथं घालून झाल्यावर दहाव्या टीवर गड्याने बॅगेतून पाना काढला, लॉफ्ट वाढवला आणि त्या दिवसातला सगळ्यात देखणा शॉट मारला. बदल अगदी बरोबर दिशेने केला होता. पण गोल्फचा नियम 4.1 सांगतो की राउंड चालू असताना अ‍ॅडजस्टमेंट मुद्दाम बदलून त्या क्लबने शॉट मारला की थेट अपात्र. शॉट मारायच्या आधी सेटिंग पूर्ववत केलं असतं, तर काहीच झालं नसतं. मार्करने (त्याचा स्कोअर लिहिणाऱ्याने) विचारलं, याने खरं सांगितलं आणि विषय संपला. स्क्रू खेळताना आपोआप ढिला झाला, तर तो मूळ जागीच घट्ट करायला हरकत नाही. तरीही माझा पाना बॅगेत नसतो, घरी असतो. बॅगेत असला की हात शिवशिवतात.

नवा क्लब मी बरेच आठवडे स्टँडर्डवरच ठेवतो. फेस कुठे लागतोय आणि बॉल कुठे जातोय, हे दोन्ही एकसारखं दिसायला लागलं की एक खाच बदलायची. एकच. सोबत वजन सरकवायचं नाही. जुनं सेटिंग हेडकव्हरच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवायचं.

थ्री-वूडचा हट्ट

सेटमध्ये थ्री-वूड नसेल तर कमीपणा वाटणारे बरेच आहेत. 1935 च्या मास्टर्स स्पर्धेत जीन साराझेनने पंधराव्या होलवर 235 यार्डांवरून थेट होलमध्ये टाकलेला बॉल फोर-वूडचा होता. 2020 ची मास्टर्स 20 अंडरने (ठरलेल्या फटक्यांपेक्षा 20 कमी) जिंकणाऱ्या डस्टिन जॉन्सनच्या बॅगेत सेव्हन-वूड होता. आता तुमचा हट्ट चालू द्या.

साध्या स्पीडच्या खेळाडूला गवतावरून 18 अंशांचा फाइव्ह-वूड बरेचदा थ्री-वूडइतकाच जातो आणि शिवाय सरळ जातो. त्यावर 'मग थ्री-वूड घेऊन स्क्रूने 17 करतो' असं हमखास ऐकू येतं. लॉफ्ट 17 होईल, पण शाफ्ट थ्री-वूडचाच लांब राहील, हेडही तेच आणि वर फेस बंद. फाइव्ह-वूडचा शाफ्ट साधारण अर्धा इंच आखूड असतो, हेड वेगळं असतं. स्क्रूने थ्री-वूडचा फाइव्ह-वूड होत नाही.

निवड करताना दुसरा फसवा प्रकार म्हणजे मॅट. मॅटवर हेड बॉलच्या मागे पडलं तरी घसरत पुढे जातं आणि लाँच मॉनिटरवर (शॉट मोजणाऱ्या यंत्रावर) सुंदर आकडा येतो. खऱ्या मातीत तोच शॉट तीस पावलं जातो. म्हणून गवतावरून मारल्याशिवाय क्लब घेऊ नका आणि सगळ्यात लांब गेलेल्या बॉलवर तर अजिबात जाऊ नका. मी वाईट शॉट्स बघतो. ज्या क्लबचे वाईट शॉट्स खेळता येण्यासारखे, तो घ्यायचा.

बॉल उचलायला जाणं

'फेअरवे वूड झाडल्यासारखा मारायचा' हे ऐकून लोक वर मारायला लागतात. वजन उजव्या पायावर अडकतं, मनगटं पुढे फेकली जातात आणि हेड आधी जमिनीला लागतं किंवा बॉलच्या डोक्यावर. ट्रॅकमॅन या लाँच मॉनिटरच्या आकड्यांत पीजीए टूरवरच्या व्यावसायिक खेळाडूंचं थ्री-वूडचं हेडसुद्धा बॉलवर सरासरी दोन-तीन अंश खाली येताना दिसतं. उचलायचं काम लॉफ्टचं आहे, तुमचं नाही.

बॉल ड्रायव्हरइतका पुढे नको, डाव्या टाचेच्या एक-दोन बॉल आत पुरे. सराव कंटाळवाणा आहे, म्हणूनच कुणी करत नाही: बॉलशिवाय गवतावर रेघ धरायची आणि सोलने रेघेच्या पुढचं गवत घासायचं. ते जमेपर्यंत बॉल ठेवायचाच नाही. अधीर मंडळी दहा मिनिटांत बॉल ठेवतात आणि मग पाना शोधतात.

बाकी किरकोळ

टी उंच लावू नका. ड्रायव्हरच्या उंचीवर बॉल ठेवला की हेड खालून निघून जातं आणि क्राउनवर (हेडच्या वरच्या बाजूला) डाग उरतो. पाव ते अर्धा इंच पुरे.

खोल रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतात) बॉल अर्धा बुडालेला असेल तर वूड बॅगेतच राहू द्या.

पाना कंपनीचाच वापरा आणि 'टक' आवाज येईपर्यंतच पिळा. टूलबॉक्समधल्या पान्याने एक तर स्क्रू खराब होतो, नाहीतर हेड खुळखुळतं. घट्ट करण्याआधी स्लीव्हच्या दातांतली माती पुसा.

आतून कणा असलेली ग्रिप असेल तर जपून. बऱ्याच स्लीव्हमध्ये शाफ्ट फिरला की ग्रिपही फिरते आणि हातातला तो कणा भलत्याच जागी येतो. गोल ग्रिप लावून घ्या.

जुन्या क्लबचा शाफ्ट नव्या हेडला बसेल असं धरून चालू नका. एका कंपनीची स्लीव्ह दुसरीच्या हेडला बसत नाही, आणि एकाच कंपनीतही ड्रायव्हरची किंवा आधीच्या पिढीची स्लीव्ह फेअरवे वूडला बसेलच असं नाही. शाफ्ट विकत घेण्याआधी हेड सोबत नेऊन बसवून बघा.