कर्व्ह गेमिंग मॉनिटर घेताय? खोक्यावरचे आकडे वाचताना या चुका टाळा

लॅमिंग्टन रोडवरून २७ इंची कर्व्ह मॉनिटर उचलला, ग्रँट रोडला दुपारची बोरिवली स्लो पकडली, खोका दोन पायांत धरून घरी आणला, लावला, तर आई म्हणते, "अरे हा वाकलाय बघ, बदलून आण."

गंमत म्हणजे तो फारसा वाकलेलाही नव्हता. खोक्यावर १८००आर लिहिलेलं, मला वाटलं आकडा मोठा म्हणजे कर्व्ह जास्त. उलटं असतं. हा आकडा म्हणजे वर्तुळाची त्रिज्या, मिलिमीटरमध्ये, म्हणजे १८००आर स्क्रीन १.८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा आणि १०००आर एक मीटरच्या, म्हणून आकडा लहान तेवढा बाक जास्त. मी स्क्रीनच्या दोन्ही कडांना टेकवून दोरा ताणला आणि मधे पट्टी लावली, जेमतेम अडीच सेंटीमीटर खोली. एवढ्यासाठी जास्तीचे पैसे? २४ किंवा २७ इंचात कर्व्हचा खरं तर फारसा फरक जाणवत नाही. ३४ इंची अल्ट्रावाईड, म्हणजे नेहमीपेक्षा आडवा लांब मॉनिटर, साधारण ८० सेंटीमीटर रुंद असतो, तिथे १५००आरला पाचेक सेंटीमीटर बाक येतो आणि कडा खरंच डोळ्यांकडे वळतात. पण तो ठेवायला टेबल पाहिजे, आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत कपाटाचं दार उघडतंय का ते आधी मोजा.

आता सगळ्यात मोठी फसगत, खोक्यावरचं १ एमएस, म्हणजे पिक्सेल एका मिलिसेकंदात रंग बदलतो असा दावा. स्वस्तातले कर्व्ह मॉनिटर बहुतेक व्हीए पॅनलचे असतात (व्हीए आणि आयपीएस हे एलसीडी स्क्रीनचे दोन प्रकार). व्हीएचा काळा रंग मस्त, कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचं प्रमाण, ३०००:१ च्या आसपास, आयपीएसचा साधारण १०००:१, त्यामुळे रात्री लाईट बंद करून हॉरर गेम खेळायला मजा येते. पण काळ्यावरून गडद करड्यावर जायला याच पॅनलला २०-३० मिलिसेकंदही लागू शकतात, आणि १४४ हर्ट्झला (सेकंदाला १४४ चित्रं) एक फ्रेम टिकते फक्त ७ मिलिसेकंद, मग अंधाऱ्या सीनमधे कॅमेरा फिरवला की मागे काळपट शेपूट राहते. मी आधी ग्राफिक्स कार्डाला शिव्या घातल्या, ड्रायव्हर तीनदा टाकले, कार्ड बिचारं ठीक होतं.

मग १ एमएस खोटं का? खोटं नाही, अर्धवट. बारीक अक्षरात एमपीआरटी लिहिलंय का बघा, म्हणजे हलतं चित्र डोळ्यांसमोर किती वेळ राहतं त्याचा आकडा, रंग बदलायच्या वेळेचा नाही. तो मोड चालू केला की बॅकलाईट उघडझाप करून हालचाल स्पष्ट दाखवतात, पण स्क्रीन मंद होते आणि बऱ्याच मॉनिटरवर फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाशी जुळवणारी सोय) बंद पडतं. जीटीजी (एका करड्यावरून दुसऱ्या करड्यावर जायचा वेळ) लिहिलं असेल तर तोही बहुतेक सगळ्यात वेगवान बदलाचाच आकडा. ओव्हरड्राईव्ह, म्हणजे पिक्सेलला घाई करायला लावणारं सेटिंग, एकदम शेवटच्या पायरीवर नेऊ नका, शेपूट जाते आणि तिच्याजागी पांढरट भूत येतं. मधली पायरी ठेवा.

दुसरी चूक सांगायला लाज वाटते. दोन महिने मी १६५ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर वापरत होतो!! विंडोजमधे डिस्प्ले सेटिंगच्या आत अॅडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन रिफ्रेश रेट स्वतः बदलावा लागतो. तिथे १६५ दिसतच नसेल तर केबल बघा, जुनी एचडीएमआय असेल तर डिस्प्लेपोर्ट लावा, आणि ती मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डला लावा.

एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारं चित्र) लिहिलंय म्हणून भुलू नका. नुसतं 'एचडीआर१० सपोर्ट' म्हणजे सिग्नल घेतो एवढंच. डिस्प्लेएचडीआर ४०० चा शिक्काही फार काही नाही, ४०० निट्स ब्राईटनेस मिळतो पण लोकल डिमिंग (बॅकलाईटचा हवा तेवढाच भाग मंद करणं) असायची सक्ती नाही. आणि 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' (बॅकलाईट कमीजास्त करून फुगवलेला आकडा) कोटीच्या घरात दिला असेल तर ती ओळ सरळ सोडून द्या, शेजारी स्टॅटिक लिहिलेला आकडा वाचा.

३२ इंच घेताय आणि रिझोल्यूशन १०८०पी (१९२० बाय १०८० पिक्सेल)? पिक्सेल मोजता येतील इतके फुटतात, तिथे १४४०पीच (२५६० बाय १४४०) घ्या. अल्ट्रावाईड ३४४० बाय १४४० म्हणजे जवळजवळ ५० लाख पिक्सेल, १०८०पीच्या दुपटीहून जास्त, कार्ड तेवढं ओढतंय का बघा. व्हॅलोरंट हा गेम खेळणाऱ्यांना त्यावर दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्याच मिळतात, पीएस५ सुद्धा अल्ट्रावाईड चालवत नाही.

दुकानात असाल तर तिथेच खोका उघडून चालू करायला लावा, पूर्ण काळी आणि पूर्ण पांढरी इमेज पेनड्राईव्हवर नाहीतर लॅपटॉपवर घेऊन जा, डेड पिक्सेल लगेच दिसतो. आणि खोका थर्माकोलसकट जपून ठेवा, वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर त्याच मापाचा दुसरा खोका मिळत नाही. आमचा माळ्यावर आहे, आकाशकंदिलाच्या शेजारी, आई दर आठवड्याला विचारते कधी टाकणार.