हिब्रू मुलीच्या नावाचा शोध कसा घ्यावा: ‘नोआ’ या नावाच्या आधारे

हिब्रू नावाचा अर्थ, त्याचा इतिहास आणि त्याची लोकप्रियता या तीन गोष्टी स्वतंत्रपणे शोधल्या जातात, आणि बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो. या तिन्हींची किल्ली एकच आहे, ती म्हणजे नावाची मूळ हिब्रू अक्षरे. रोमन किंवा देवनागरी लिपीत नाव कसे दिसते यावरून शोध सुरू केला, तर एका नावाचा अर्थ दुसऱ्याला चिकटतो, एकाचा इतिहास दुसऱ्याच्या खात्यावर जातो आणि आकडेवारीत मुलगे व मुली यांची सरमिसळ होते. ‘नोआ’ हे नाव या बाबतीत फार बोलके उदाहरण आहे, म्हणून पुढील सर्व विवेचन त्याच्याच आधाराने केले आहे.

पहिले काम म्हणजे नावाची अक्षरे निश्चित करणे. मुलीचे नाव ‘नोआ’ हे ‘नून’, ‘अयिन’ आणि ‘हे’ या तीन हिब्रू अक्षरांनी लिहिले जाते. जलप्रलयाच्या कथेतील पुरुषाचे नाव मात्र नून आणि खेत या दोनच अक्षरांचे आहे. ही दोन नावे हिब्रूत एकमेकांशी संबंधित नाहीत. तरीही 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये दोन्ही एकाच स्पेलिंगने छापली गेली, आणि तेव्हापासून इंग्रजीत लिहिणाऱ्या अनेकांनी त्यांना एकच नाव मानले. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी पुरुषाला ‘नोहा’ आणि मुलीला ‘नोआ’ लिहून हा भेद जपला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. अक्षरे पाहण्यासाठी हिब्रू येत असण्याची गरज नाही. जेम्स स्ट्राँग यांच्या 1890 च्या शब्दसूचीत बायबलमधील प्रत्येक हिब्रू शब्दाला क्रमांक दिलेला आहे आणि ती सूची आंतरजालावर विनामूल्य पाहता येते. तिच्यात पुरुषाच्या नावाचा क्रमांक 5146 आहे, तर मुलीच्या नावाचा 5270. दोन क्रमांक म्हणजे दोन वेगळे शब्द, एवढे कळले तरी पुढची वाट सरळ होते.

अक्षरे हाती आल्यावर धातू शोधावा. हिब्रूत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून बनतात, आणि ‘नोआ’ हे नाव नून-वाव-अयिन या धातूशी जोडले जाते. त्याचा अर्थ हलणे, डुलणे, इकडून तिकडे जाणे असा होतो. आधुनिक हिब्रूत चळवळ आणि रस्त्यावरील रहदारी या दोहोंसाठी वापरला जाणारा ‘तनुआ’ हा शब्दही याच धातूचा आहे. मात्र नावांच्या यादीत छापलेल्या एकशब्दी अर्थावर थांबू नये, धातू ग्रंथात प्रत्यक्ष कुठे आणि कसा वापरला आहे ते वाचावे. बायबलमधील यशयाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात वाऱ्याने वनातील झाडे हलतात तिथे हाच धातू येतो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करते आणि तिचे फक्त ओठ हलतात, तिथेही तोच आहे. आणि उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाला पृथ्वीवर भटकत राहण्याची शिक्षा मिळते, त्या वाक्यातही हाच धातू उभा राहतो. म्हणजे याच्या अर्थछटा कोमलही आहेत आणि कठोरही. केवळ गोड छटा निवडून तोच नावाचा अर्थ म्हणून सांगणे हा नावांच्या पुस्तकांचा जुना दोष आहे.

अर्थाच्या बाबतीत आणखी एक भेद पाळावा. बायबलमध्ये काही नावांचे कारण ग्रंथातच दिलेले असते. नोहाच्या नावाचे कारण उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात त्याच्या बापाच्या तोंडी येते आणि ते सांत्वनाशी जोडलेले आहे. नोआच्या नावाचे असे कोणतेही कारण ग्रंथात नाही. त्यामुळे ‘हालचाल’ हा तिच्या नावाचा अर्थ अभ्यासकांनी धातूवरून काढलेला आहे, आणि तो तसाच सांगावा. ‘विसावा’ किंवा ‘सांत्वन’ असा अर्थ नोआपुढे छापलेला दिसला, तर तो नोहाकडून उसना आला आहे असे खुशाल समजावे.

आता इतिहास. बायबलमधील नावाचा इतिहास शोधताना ते नाव ज्या ज्या ठिकाणी येते ती सर्व ठिकाणे वाचावीत, कारण पहिल्या उल्लेखावरून व्यक्तीचे महत्त्व कळतेच असे नाही. नोआ प्रथम येते ती बायबलमधील ‘गणना’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायातील वंशावळीत, मनश्शेच्या कुळातील सलाफहादाच्या पाच मुलींपैकी एक म्हणून: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. एवढेच वाचले तर ती यादीतील एक नाव वाटते. सत्ताविसाव्या अध्यायात मात्र या पाच बहिणी मोशे, याजक एलाजार, सरदार आणि सर्व मंडळी यांच्यासमोर उभ्या राहतात आणि विचारतात की, आमच्या बापाला मुलगा नव्हता एवढ्यासाठी त्याचे नाव कुळातून का नाहीसे व्हावे. त्याच्या भाऊबंदांबरोबर आम्हालाही वतन द्या. मोशे हे प्रकरण परमेश्वरापुढे ठेवतो, मुलींचे म्हणणे योग्य ठरते आणि पुत्र नसल्यास वतन कन्येकडे जावे असा नियमच होतो. छत्तिसाव्या अध्यायात या हक्काला मर्यादा पडते, कारण जमीन दुसऱ्या वंशाकडे जाऊ नये म्हणून या मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावे असे ठरते. यहोशवाच्या सतराव्या अध्यायात त्यांना जमीन प्रत्यक्ष मिळते. नावामागची कथा म्हणजे पाच स्त्रियांनी जाहीर सभेत मांडलेला वारसाहक्काचा दावा आहे, आणि माझ्या मते या नावाचे खरे वजन धातूपेक्षा या कथेतच अधिक आहे.

बारकाईने वाचणाऱ्याला इथे एक गंमतही सापडते. वंशावळीत नोआ दुसरी आहे, पण छत्तिसाव्या अध्यायात तीच शेवटी येते. तालमुद या ज्यू धर्मशास्त्रीय चर्चांच्या ग्रंथाच्या बाबा बात्रा या भागात या क्रमाची चर्चा आहे: एक क्रम वयाचा, दुसरा शहाणपणाचा असे एक मत, तर पाचही जणी तोलामोलाच्या होत्या असे दुसरे.

ग्रंथाबाहेरचा पुरावा मिळतो का, हेही पाहावे. बहुतेक नावांबाबत तो मिळत नाही, पण नोआच्या बाबतीत मिळतो. 1910 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या उत्खननात शोमरोन (समारिया) या प्राचीन इस्राएलच्या राजधानीच्या जागी शाईने लिहिलेली खापरे सापडली. ती इसवी सनपूर्व आठव्या शतकातील आहेत आणि त्यांवर द्राक्षारस व तेल यांच्या मालाच्या नोंदी आहेत. त्यांत माल कोणत्या भागातून आला हे सांगताना नोआ आणि होग्ला ही दोन नावे प्रदेशांची किंवा कुळांची नावे म्हणून येतात. त्यामुळे काही अभ्यासक या पाच नावांमागे मनश्शेच्या मुलखातील वस्त्याही पाहतात.

यानंतर नाव प्रत्यक्षात किती वापरले गेले हे तपासावे, आणि ग्रंथात असणे म्हणजे सतत वापरात असणे असे गृहीत धरू नये. मध्ययुगापासूनच्या ज्यू समाजांत सारा, रिव्का, राहेल, लेआ, हन्ना, एस्तेर ही नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, नोआ मात्र क्वचितच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिब्रू पुन्हा बोलली जाऊ लागली तेव्हा बायबलमधील कमी वापरातली नावे नव्याने पुढे आली, आणि त्यांतील हे एक.

लोकप्रियतेसाठी नावांच्या जाहिराती करणाऱ्या याद्यांऐवजी सरकारी आकडे पाहावेत. इस्रायलमध्ये केंद्रीय सांख्यिकी कार्यालय नवजात बालकांच्या नावांचे आकडे धर्मसमूहानुसार वेगवेगळे देते, म्हणून कोणत्या समूहाचा तक्ता आपण वाचत आहोत हे आधी पाहावे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे तेथील ज्यू मुलींमध्ये नोआ हे नाव अग्रस्थानी होते, पुढे तामारने ती जागा घेतली. गायिका नोआ किरेल हिचा जन्म 2001 चा, म्हणजे नेमका त्याच लाटेतला.

इतर देशांचे आकडे वाचताना स्पेलिंगवर लक्ष ठेवावे लागते. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाचे आकडे 1880 पासूनच्या जन्मांसाठी मिळतात, पण त्यात प्रत्येक स्पेलिंग स्वतंत्र नाव मानले जाते आणि एखाद्या वर्षी पाचांपेक्षा कमी मुलांना दिलेले नाव वगळले जाते. त्यामुळे दुर्मीळ नाव तक्त्यात नसले तरी ते कुणालाच दिले गेले नाही असे सिद्ध होत नाही. शेवटी ‘एच’ असलेले स्पेलिंग तिथे 2013 ते 2016 या काळात मुलग्यांमध्ये पहिल्या क्रमांकावर होते, आणि ते यश नोहाचे आहे. मुलींसाठी ‘एच’ नसलेले स्पेलिंग शोधावे आणि लिंगानुसार वेगळा तक्ता उघडावा. शिवाय केवळ क्रमांक न पाहता एकूण जन्मांतील वाटा पाहावा, कारण पालक जितकी विविध नावे ठेवतात तितका पहिल्या क्रमांकाच्या नावाचाही वाटा घटतो.

टोपणनावांच्या बाबतीत हीच चौकशी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. ‘नोआ’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या गायिकेचे पूर्ण नाव अखिनोआम निनी आहे, आणि अखिनोआम या नावाच्या उत्तरार्धात नून-अयिन-मेम हा प्रसन्नतेचा धातू आहे, जो नामी (नाओमी) या नावातही दिसतो. तिच्या ‘नोआ’चा सलाफहादाच्या मुलीशी संबंध जोडायचा असेल, तर तो फक्त उच्चारापुरताच जोडता येतो.