मेथी-कोथिंबीर टाकण्याआधी रानाची शेजारपाजारची चौकशी

दसरा झाला, रानाला वाफसा आला की कोल्हापूरच्या मळ्यांत मेथी, कोथिंबीर, मुळ्याच्या वाफ्यांची गडबड सुरू होते. बी टाकण्याआधी बघा, आपले रान कशाला लागून आहे, कारण शेजारच्या जागेतून मातीत शिसे हा विषारी जड धातू आलेला असू शकतो.

पेट्रोलमधले शिसे 2000 साली बंद झाले, पण गाड्यांच्या धुरातून आधी मातीत पडलेले कुजत नाही. वरच्या वीतभर मातीत तसेच बसून राहते. म्हणून जुन्या महामार्गालगतची पट्टी, भंगार साठवलेली जागा, बॅटऱ्या फोडलेला कोपरा इथे पालेभाजी नको. झेंडू, गलांडा लावा, नाहीतर वांगी, दोडका. फळात शिसे फार कमी उतरते. भरावासाठी आणलेली फौंड्रीची टाकाऊ वाळूही तपासल्याशिवाय रानात पसरू नये.

मुळातून भाजीत शिसे फारसे चढत नाही. खरी गोम पानाला चिकटलेल्या मातीत आहे. त्यामुळे कोबी, फ्लॉवरच्या ओळींत उसाचे पाचट अंथरा, पाणी देताना चिखल उडू देऊ नका. काढणीनंतर जुड्या पाटाच्या गढूळ पाण्यात बुचकळण्यापेक्षा बोअरच्या स्वच्छ पाण्यात दोनदा धुवा. कोबीची बाहेरची पाने काढून टाका, मुळा-गाजर घरात खाताना सोला.

माती-मातीतही फरक आहे. आजरा, चंदगडकडच्या तांबड्या आम्ल जमिनीत शिसे पिकाला लवकर लागू होते. तिथे माती परीक्षणानुसार चुना देऊन सामू (pH, म्हणजे मातीच्या आम्लतेचे माप) 6.5 च्या वर आणा, कुजलेले शेणखत भरपूर घाला. शिरोळच्या चुनखडीच्या काळ्या रानात ते मातीतच धरून ठेवले जाते, तिथे चुन्याचा खर्च फुकट.

आता गोठ्याकडे. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी गव्हाणीशेजारी पडलेली अनेक घरांत दिसते. फुटली की जनावर ती चाटते. मग दात खाणे, अंग थरथरणे, दिसेनासे होणे. पुष्कळदा ते दगावतेच, आणि वाचले तर दुधातूनही शिसे उतरते. लक्षण दिसताच पशुवैद्यकांना बॅटरीबद्दल आधी सांगा, ते दूध घरात किंवा डेअरीला घालू नका. नवी बॅटरी घेताना जुनी त्याच दुकानदाराला परत द्या.

एक लक्षात असू द्या: मृद आरोग्य पत्रिकेतल्या 12 घटकांत शिसे नसते. शंका असेल तर प्रयोगशाळेत नमुना देताना जड धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते.