आवडते पुस्तक पडद्यावर आले की: मुलांसोबत तुलना करताना या चुका टाळा

मुलांच्या आवडत्या पुस्तकावर चित्रपट निघाला की पुस्तक वाचलेली मंडळी चित्रपटगृहाबाहेर पडताना काय गाळले आणि काय बदलले याचा हिशेब मांडू लागतात, आणि ज्यांनी पुस्तक वाचलेले नसते त्यांना हा सारा कीस कशासाठी काढला जातो आहे हे कळत नाही. पालक आणि शिक्षक हीच तुलना मुलांसमोर करतात तेव्हा काही चुका हमखास होतात. त्यांतली पहिली सर्वांत मोठी असल्याने तिच्यावरच अधिक लिहावे लागेल.

बदल नुसते मोजू नका

एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० साली आलेल्या ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’ या पुस्तकात ऑझ नावाच्या जादूच्या देशात जाऊन पोहोचलेल्या डोरोथी या मुलीच्या पायांतले बूट चांदीचे आहेत. १९३९च्या चित्रपटात ते माणकांसारखे लाल झाले, कारण टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या तंत्रामुळे पडद्यावर चांदीपेक्षा लाल रंग अधिक खुलणार होता. दोन्हींतला फरक विचारला की बहुतेक जण हाच सांगतात. वास्तविक बूट कोणत्याही रंगाचे असले तरी गोष्ट जागची हलत नाही. ती हलते दुसरीकडे. पुस्तकातल्या पाचूच्या नगरीत शिरणाऱ्याला वेशीवरचा रखवालदार हिरव्या काचांचा चष्मा चढवून त्याला कुलूप लावतो आणि नगरी डोळ्यांत भरेल इतकी हिरवी दिसते ती त्या चष्म्यामुळे. म्हणजे नगरीवर राज्य करणाऱ्या जादूगाराची लबाडी साऱ्या गावाच्या नाकावर बसलेली आहे. चित्रपटातली नगरी मुळातच हिरवी असल्यामुळे ती लबाडी पडद्याआड लपलेल्या एका माणसापुरती उरते. शिवाय चित्रपटात ऑझची सगळी सफर म्हणजे डोक्याला मार लागलेल्या डोरोथीला पडलेले स्वप्न ठरते, तर पुस्तकांत ऑझ खरे आहे, इतके खरे की मालिकेच्या पुढच्या एका भागात ती काका-काकूंनाही तिकडे कायमचे राहायला नेते. सारे स्वप्नच होते असे म्हटल्यावर डोरोथीच्या धाडसाचे काय उरते, हा प्रश्न आठ वर्षांचे मूलही विचारू शकते आणि बुटांच्या रंगापेक्षा त्यावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

किपलिंगच्या ‘द जंगल बुक’चे उदाहरण आपल्याला भौगोलिकदृष्ट्याही जवळचे आहे, कारण मोगलीच्या कथांना आधार असलेला सिवनीचा प्रदेश नागपूर जिल्ह्याला लागूनच आहे. १८९४च्या पुस्तकात बल्लू हा जंगलाचा कायदा शिकवणारा, प्रसंगी फटका देणारा गुरुजी आहे आणि ‘का’ नावाचा अजगर मोगलीला माकडांच्या तावडीतून सोडवायला येतो. डिस्नेच्या १९६७च्या चित्रपटात बल्लू ऐषारामी मित्र झाला, अजगर मोगलीला गिळायला टपला आणि माकडांना लुई नावाचा ओरांगउटान राजा मिळाला. हा वानर बोर्निओ आणि सुमात्रातला, भारतीय जंगलात तो सापडत नाही. पण खरी गडबड प्राणिशास्त्राची नाही. पुस्तकातल्या माकडांना ना राजा आहे, ना कायदा, आणि म्हणूनच बाकीचे जंगल त्यांना तुच्छ मानते. त्यांना राजा देताच पुस्तकाचा कणाच काढून घेतला जातो. चित्रपट गोड आहे, त्यातली गाणी मलाही आवडतात. मात्र कायद्याच्या गोष्टीची ती बेफिकिरीची गोष्ट झाली आहे, हे मुलांना सांगायला हवे.

तेव्हा मुलांकडून फरकांची यादी करून घेतली असेल, तर त्यातला प्रत्येक फरक घेऊन एवढेच विचारावे की यामुळे कोण कोणावर अवलंबून राहिले आणि कोणाला काय शिकावे लागले नाही. उत्तर आले नाही, तर तो फरक सोडून पुढे जावे.

‘जसेच्या तसे’ हा निकष लावू नका

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये बेचाळीस रात्री, म्हणजे तेवढी प्रकरणे, आहेत. आचार्य अत्रे यांच्या १९५३च्या चित्रपटात, ज्याला पुढे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, त्या सगळ्या येणे शक्यच नव्हते. पुस्तकात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना आठवणी सांगतो, त्यामुळे आई दिसते ती तिला गमावलेल्या मुलाच्या नजरेतून, पश्चात्तापासकट. पडद्यावर आईच्या भूमिकेतल्या वनमालाबाई थेट समोर उभ्या राहतात. अशा वेळी कोणते प्रसंग गाळले यापेक्षा सांगणाऱ्याचा आवाज कुठे गेला, हे शोधणे अधिक उपयोगाचे असते.

‘फास्टर फेणे’च्या बाबतीत तक्रार उलट दिशेने आली. भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला बन्या, म्हणजेच बनेश फेणे, हा फुरसुंगीचा, विद्याभवन शाळेत शिकणारा मुलगा. २०१७च्या चित्रपटात अमेय वाघने उभा केलेला बनेश वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे. त्याचे पुस्तकातले नेहमीचे ‘ट्टॉक’ शाबूत आहे आणि दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने स्वतः भागवतही पडद्यावर आहेत. माझ्या मते ही मोकळीक प्रामाणिक होती, कारण चित्रपटाने एखाद्या पुस्तकाचा दावा न करता पात्र उचलून नव्या काळात आणले. किंमत मात्र मोजावी लागली: मोठ्यांच्या जगात शाळकरी पोराला कोणी मोजत नाही आणि तोच त्यांच्यावर मात करतो, यातली मजा नायकाचे वय वाढताच कमी होते.

मुलाने चित्रपट आधीच पाहिला असेल तर

‘गोष्ट माहीत आहे’ म्हणून मूल पुस्तक उघडत नाही, ही नेहमीची अडचण. तेच पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचा आग्रह धरला तर ती वाढते. चित्रपटात नसलेल्या भागापासून सुरुवात करावी: ‘द जंगल बुक’मधली रिक्की-टिक्की-टावी या मुंगसाची कथा घ्यावी, फेणेची एखादी शाळेतली गोष्ट घ्यावी.

विकत घेताना मुखपृष्ठावर चित्रपटातली छायाचित्रे असतील तर आत काय आहे ते पाहावे. मूळ लेखकाचे नाव कुठेच नसेल आणि मजकूर जेमतेम तीस-चाळीस पानांचा असेल, तर ती बहुधा पटकथेवरून बेतलेली चित्रकथा असते, आणि मूळ पुस्तक वाचले या समजुतीत मूल मोठे होते.

शेवट बदलला असेल तर समजूत काढण्याची घाई करू नका

रोआल्ड डाल यांच्या ‘द विचेस’ या १९८३च्या पुस्तकात चेटकिणी नायकाला उंदीर करतात आणि तो उंदीरच राहतो. आपण फार तर नऊ वर्षे जगू हे कळल्यावर तो खूश होतो, कारण आजीही तेवढीच जगेल आणि तिच्यामागे एकटे राहावे लागणार नाही. १९९०च्या चित्रपटाने त्याला पुन्हा माणूस केले आणि डाल संतापले. पुस्तकातला शेवट मुलांना सोसणार नाही असे गृहीत धरून मोठी माणसे अनेकदा चित्रपटाचाच शेवट खरा म्हणून सांगतात. तसे न करता दोन्ही शेवट मुलापुढे ठेवावेत आणि आजी कोणत्या शेवटात अधिक एकटी पडते, हे त्यालाच ठरवू द्यावे.